तणमोराची उडी

इतर दोष मनुष्याला थोडे तरी सुख देतात. मत्सर मात्र आपल्या यजमानालाच उपाशी ठेवतो. मंगरूळपीरच्या एजाजच्या छायाचित्राला मोठे पारितोषिक मिळाल्याचे कळले, तेव्हापासून धनराजांना अन्न गोड लागेना.

केस पिकेपर्यंत ते पक्ष्यांवर लिहीत आले होते. तणमोरावर तर त्यांचा ग्रंथच होता. पावसाळ्यात हा पक्षी उंच गवतातून माणसाच्या माथ्याइतका उंच उसळतो, त्या उडीचे वर्णन वाचकांना मुखोद्गत होते. ते वर्णन ऐकीव होते; उडी धनराजांनी कधीच पाहिली नव्हती. आणि काल-परवापर्यंत लग्नाचे फोटो काढणाऱ्याने ती टिपली!

यंदाचा श्रावण दोघांनी एकाच माळावर काढला होता. एजाज पक्ष्याला हुसकावून तर उडवत नाही ना, हे पाहणे धनराजांना कर्तव्य वाटे. एजाज कॅमेरा घेऊन लपून बसे, त्या आडोशावरून त्यांची दुर्बीण हलत नसे.

अभिनंदनाचे पेढे घेऊन ते एजाजच्या स्टुडिओत आले. म्हणाले, "कडा कापायच्या आधीचा फोटो दाखव."

एजाज घुटमळला. "राहू द्या ना भाऊ. त्यात काय पाह्यचं?"

"काहून? लपवतं काय?"

नाइलाजाने त्याने संगणकावर मूळ चित्र उघडले. डाव्या कडेला गवतात एक मनुष्याकृती उभी होती. धनराजांचे हृदय हर्षाने भरून आले. आता एक तक्रार, की पारितोषिक परत!

"हा कोन उभा केला होता रे पाखरू उठवाले? मोठं कर!"

एजाजने मोठे केले. पांढरी टोपी. डोळ्यांना दुर्बीण, रोख थेट कॅमेऱ्याकडे. आणि त्या टोपीच्या मागे, हातभर अंतरावर भासावा असा, पंख पसरून अधांतरी तरंगणारा तणमोर.

टोपी धनराजांच्याच डोक्यावर होती.

"तुमाले न विचारता फोटोत कसं ठेवू, म्हून कापलं," एजाज संकोचाने म्हणाला. मग त्याने निर्व्याज कुतूहलाने विचारले, "पन भाऊ, पाखरू तुमच्या मांगं घडीघडी उडून राह्यलं होतं. माह्याकडं असं कोन्तं पाखरू होतं, का तुमी एक खेपही पलटून नाई पाह्यलं?"

धनराजांनी पेढा एजाजच्या मुखी घातला.

पुढल्या श्रावणी त्या माळावर गवत उंच वाढो, आणि दोघांचीही दृष्टी एकाच दिशेला लागो.