लोखंडी अंगाची
बायकोला ‘लोखंडी’ म्हणण्यात शैलेंद्रचा फायदा होता. आईचे टोमणे सुरू झाले की त्याला मध्ये पडावं लागत नसे. पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आईला तो बॉस्टनची जुनी युद्धनौका दाखवत होता; बायको नंदाही बरोबर होती. “इंग्रजांचे तोफगोळे हिच्यावर आपटून समुद्रात पडले, म्हणून खलाशांनी नाव ठेवलं ‘ओल्ड आयर्नसाइड्स’, लोखंडी अंगाची. आहे मात्र लाकूडच. आपल्या नंदासारखीच, काही लागत नाही!” “मग आणखी सहा महिने राहते,” आई म्हणाली. “घरात एकटीला करमत नाही, हिचं कॉलेज पुढच्या वर्षी बघू.” नंदाला सप्टेंबरचा प्रवेश मिळाला होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो तोफ न्याहाळत होता. तिने गाइडला इंग्रजीत विचारलं, “तेव्हा आत कुणालाच लागलं नाही?” “सात खलाशी मेले, मॅडम.” “काय म्हणाला रे?” आईने विचारलं. शैलेंद्र म्हणाला, “जहाज शाबूत राहिलं म्हणतो.”