तिसरी चांदणी

मध्यंतराची शिट्टी वाजली तेव्हा सुकापूरचा संघ चार गुणांनी मागे होता, आणि त्यांचा सगळ्यात भरवशाचा कबड्डीपटू राखीव खेळाडूंच्या बाकावर वडिलांशेजारी बसून आकाशाकडे बघत होता.

रोनेनला दुखापत नव्हती, रुसवाही नव्हता. शनिवार होता. तो बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू घरातला. काल सूर्य मावळताना त्याचा शब्बाथ, आठवड्याचा विसाव्याचा दिवस, सुरू झाला होता आणि आज आकाशात तीन चांदण्या दिसल्याखेरीज सुटणार नव्हता. तोवर खेळ नाही, मोबाइल नाही, गाडीसुद्धा नाही. पनवेलहून तो चालत आला होता, शर्टाच्या आत जर्सी घालून. शब्बाथ सुटण्याची वेळ दिनदर्शिकेत छापलेली असते, पण त्याचे वडील मनासे ती मानत नसत. छापणाऱ्याने कुठे वर बघितलंय, असं त्यांचं म्हणणं. चांदण्या आपल्या डोळ्यांनी दिसल्या पाहिजेत.

मागच्या शनिवारी याच दोन संघांचा साखळी सामना कोन गावच्या मैदानावर भर दुपारी झाला होता. रोनेन अर्थातच नव्हता. डाव्या कोपऱ्यात त्याच्या जागी शार्दूल उभा राहिला. शेवटच्या चढाईत कोनचा कर्णधार परेश त्याच कोपऱ्याला शिवून परत गेला आणि सुकापूर एका गुणाने हरलं. मग आठवडाभर सगळीकडे एकच वाक्य. मासळीबाजारात तेच, रिक्षा स्टँडवर तेच, हळदीच्या मांडवात तेच. कोनमध्ये हळद होती, तिथेही पाहुण्यांच्या तोंडी तेच. रोनेन नव्हता म्हणून. हरलेल्या माणसाला एवढं गार मलम दुसरं मिळत नाही.

संघ निवडणारे जगनशेठ मात्र त्या वाक्याने पेटले होते. "जो शनवारी नसतो तो आपल्या काय कामाचा?" त्यांनी प्रशिक्षक महादेवला सगळ्यांसमोर विचारलं. "याच्या जागी रोज येनारा पोरगा घ्या."

"रोनेन संघात राहील," महादेव म्हणाला. "परतीचा सामना संध्याकालचा हाय. हरलो तर मी शिट्टी तुमच्या हातान देतो नि घरी बसतो."

असं बोलायला छाती लागते, आणि महादेवकडे ती होती. पण त्या शिट्टीशिवाय संध्याकाळी जायला त्याला दुसरी जागा नव्हती. मिठागरं गेली, शेतं गेली, तिथे इमारती आल्या. उरलं होतं ते हे मैदान. आजचा सामना जिंकला तरच सुकापूर अंतिम फेरीत जाणार होतं, आणि पूर्वार्धात परेशने शार्दूलच्या कोपऱ्यातून हवे तसे गुण उचलले होते.

जगनशेठ बाकापाशी आले. "काय महादेवशेठ, उगवल्या का तुमच्या चांदण्या?"

"एक," मनासेंनी वरच बघत उत्तर दिलं.

महादेवनेही वर बघितलं. डोळे दिपले. चारही खांबांवर हॅलोजन पेटलेले, त्यांच्या वर नुसता पांढरा धूर. या उजेडात चंद्र दिसला तरी नशीब. तो तडक पंचांकडे गेला.

"दिवे बंद करतो. मध्यंतर संपेपर्यंत."

पंचांनी त्याच्याकडे नीट बघून घेतलं. "मध्यंतर तुमचंच आहे. पण माझी शिट्टी वाजली की दिवे लागलेले पाहिजेत."

मैदान अंधारात गेलं. लोकांनी आधी शिट्ट्या मारल्या. मग कशासाठी ते कानोकान कळलं आणि सगळं सुकापूर माना वर करून उभं राहिलं.

"दोन," मनासे म्हणाले.

"ती बघा तिसरी," कोणीतरी ओरडलं. "खाडीच्या बाजूला."

"ते विमान हाय रं."

नवा विमानतळ झाल्यापासून पनवेलच्या आकाशात ही एक नवीनच पंचाईत होती. "चालणारी चांदणी धरत नाहीत," मनासे शांतपणे म्हणाले. बाकावर हसू फुटलं. रोनेन हसला नाही. त्याचा हात शर्टाच्या पहिल्या बटणापाशी थांबला होता. महादेवही हसला नाही. पंच घड्याळाशी बोट लावून उभे होते आणि जगनशेठनी मोठ्याने शार्दूलला हाक मारली.

तेवढ्यात अंधारातून कोणीतरी येऊन मनासेंच्या मागे उभं राहिलं. "काका, त्या पाण्याच्या टाकीच्या वर बघा. जरा डावीकडं. मी मघापासून बघतोय. हलत नाय."

मनासेंनी बघितलं. चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"तीन," ते म्हणाले.

बापलेकांनी ओठातल्या ओठात दोन शब्दांची प्रार्थना म्हटली आणि रोनेनने बटणं काढायलाही वेळ घेतला नाही, शर्ट डोक्यावरून ओढला. शिट्टी वाजली. दिवे लागले. मनासेंच्या मागे उभ्या असलेल्या पोराच्या अंगावर कोनची लाल जर्सी होती.

"परेश?" महादेव म्हणाला. "तू दाखवलीस?"

"मंग काय करू, मास्तर?" परेश कंबर कसत म्हणाला. "आठवडा झाला ऐकतोय, रोनेन नव्हता, रोनेन नव्हता. आमच्या घरी आमची आय पन तेच बोलते."