झोपेतली संख्या

सकाळी झोपेची पट्टी कपाळावरून काढताच दत्तोपंतांनी विचारलं, “बाई, तुम्ही कोणाकडच्या?”

“मी शलाका, बाबा. तुमची मुलगी.”

“असं होय,” ते अदबीने म्हणाले.

तेवढ्यात मूळसंख्या शोधणाऱ्या केंद्रातून फोन आला. झोपेत अशा पट्टीतून आपला मेंदू हिशेबाला देणाऱ्या हजारो स्वयंसेवकांपैकी दत्तोपंत एक होते. आजारपणाआधी त्यांनी तपासायला एक अवाढव्य संख्या आपल्या नावावर राखून ठेवली होती.

“ती सोडायचीच आहे,” शलाका घाईने म्हणाली. “बाबांना आता काही आठवत नाही हो.”

“पण त्यांची तपासणी पूर्ण झाली, ताई! ती मूळसंख्या नाही. इतरांच्या उत्तरांशी ताडून पाहिलं, एकही अंक चुकलेला नाही. पुढची संख्या राखायची का?”

शलाका गोंधळून वडिलांकडे बघतच राहिली. एवढे अंक ज्या डोक्यात नीट मावले, तिथे पोटच्या पोरीच्या नावाला जागा उरू नये? आनंद मानावा की रागवावं, तिला कळेना.

“बाबा, आणखी एक संख्या घ्यायची?”

“घ्या की,” दत्तोपंत म्हणाले. “तेवढीच सोबत. घरात आपलं माणूस कोणी नाही ना.”

शलाकाने फोनवर सांगितलं, “राखून ठेवा.”