समाराला जाणारी रजई

मशीननं पुन्हा टाके सोडले. मुहय्योनं पायडलवरून पाय काढला आणि रजई उलटून पाहिली. चार बोटं शिवण नीट, मग बोटभर दोरा नुसता मोकळा पडलेला, मग पुन्हा दोन-चार टाके. लाल साटिनवर ते इतकं भिकार दिसत होतं की कुणीही म्हणावं, हिला शिवताच येत नाही.

सासू तेच म्हणत होती.

"माहेरून मशीन तेवढी आणलीस, शिकून काही आली नाहीस," इनोबत ओसरीवरच्या तख्तावर बसून हिरवा चहा पीत बोलली. "दुपारच्या नमाजानंतर ट्रक निघेल. माझा मुलगा तिकडे रशियात, समाराच्या थंडीत कुडकुडतोय आणि तुझा इथे खेळ चाललाय."

मुहय्योनं दातओठ खात सुई बदलली. दोरा काढून पहिल्यापासून ओवला. बॉबिन बाहेर काढली, तिच्याखाली साचलेला कापसाचा भुगा कोंबडीच्या पिसानं झाडला, तेल सोडलं. जुन्या चिंधीवर चालवून पाहिलं तर टाके अगदी एकसारखे. रजई खाली सरकवली की पुन्हा तेच.

"मेली," ती मशीनला म्हणाली. म्हणायचं होतं सासूला. दोन वर्षांत तिचा नवरा तोल्कीन एकदाही घरी आला नव्हता. फोनवर मुलांची चौकशी करायचा आणि साइटवर बोलावतायत म्हणून ठेवून द्यायचा. तरीही त्याला ऊब मिळावी म्हणून ती पहाटेपासून या धुडाशी झटत होती, आणि वर टोमणे ऐकत होती.

शेवटी ती उठली आणि कुंपणावरून शेजारच्या खोसियतला हाक मारली. गावातल्या निम्म्या लग्नांच्या रजया खोसियतच्या हातच्या.

"तिला कशाला बोलावतेस?" इनोबत घाईनं म्हणाली. "तिला तिची कामं नाहीत का?"

पण खोसियत आलीच, हाताचं पीठ झटकत. तिनं मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी रजईकडे पाहिलं.

"मशीनला काही धाड भरलेली नाही गं. ही बघ, केवढी लोंबतेय. सगळा कापूस खाली ओढ घेतो, सुई वाकते, टाका सुटतो. हा भाग गुंडाळून घे आणि पलीकडचं टोक कुणाला तरी वर धरायला सांग. दोघांच्या रजईचं असंच असतं. एकटीनं नाही होत."

"दोघांच्या?" मुहय्योनं विचारलं.

"मग काय! बुधवारी तुझ्या सासूनं पहिला टाका घालायला बोलावलं, तेव्हाच म्हटलं मी, चांगली ऐसपैस आहे." खोसियत इनोबतकडे वळून हसली. "पण लग्न कुणाचं ते काही सांगितलं नाहीस हं. भाचीचं ठरलं का?"

बुधवारी मुहय्योला सासूनं बाजारात पिटाळलं होतं. नव्या जोडप्याच्या रजईचा पहिला टाका नवरा-मुलांत सुखानं नांदणाऱ्या बाईनंच घालायचा, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मजुरांच्या बराकीत झोपणाऱ्या एकट्या गड्यासाठी कुणी तो घाट घालत नाही. आणि त्याला लाल साटिनही लागत नाही.

खोसियतनं एकदा सासूच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा सुनेच्या. "तंदूर तापलाय माझा," असं म्हणून ती आली तशी निघून गेली.

"ओयी, कोण आहे ती?" मुहय्योनं सासूला विचारलं.

इनोबतनं पेला खाली ठेवला. "हे बघ, तिकडे थंडी असते. पुरुष माणूस किती दिवस एकटा राहणार? रीतसर निकाह लावलाय, पाप नाही केलं. घर तुझंच आहे, मुलं तुझीच आहेत. तुला काय कमी पडलंय?"

मुहय्योच्या कानशिलात रक्त उसळलं. नवऱ्यानं केलं ते केलंच, पण या बाईनं सवतीचं अंथरूण तिच्याकडूनच शिवून घ्यावं, तिच्याच मशीनवर, आणि वर शिवता येत नाही म्हणून बोलावं? मशीन उचलून तख्तावर आपटावीशी तिला वाटली. पण ती आपटली नाही. तिनं रजईचा कोपरा शोधला. खोसियतनं हातानं घातलेला पांढऱ्या दोऱ्याचा टाका तिथं होता, पक्क्या गाठीचा. तिनं ब्लेडनं तो उसवला आणि दोरा ओढून जमिनीवर टाकला.

"अगं, काय करतेस?" इनोबत तख्तावरून धडपडत उतरली.

"पहिला टाका मी घालते." मुहय्यो सुईत दोरा ओवत होती.

"तू नको. दुसऱ्या कुणाला बोलावू. तुझा हात नको लागायला."

"का? मला नवरा आहे. दोन मुलगे आहेत. डोक्यावर सासू आहे." तिनं मान वर केली. "मला काय कमी पडलंय? आत्ता तुम्हीच विचारलंत."

नवरा तुझ्याजवळ नांदत नाही, हे इनोबतला मोठ्यानं म्हणता येणार नव्हतं, आणि म्हटल्याशिवाय हे थांबवताही येणार नव्हतं.

मुहय्योनं सुई आरपार नेली, टाका घट्ट ओढला, गाठ मारली आणि दोरा दातानं तोडला. मग मशीनवर येऊन बसली.

"धरा ते टोक," ती म्हणाली. "वर धरा. अजून वर."

सासूनं दोन्ही हातांनी रजई उचलून धरली. पायडल खडखडू लागलं, आणि आता एकही टाका सुटत नव्हता.