ओल्या रंगावरच्या रेघा

लेसोथोच्या डोंगरातलं घर. सासूने शेणामातीने सारवून बोटांनी नक्षी काढलेली भिंत थाकाने नावाच्या सुनेने खरवडली आणि तिच्यावर दुकानातला मातकट ऑलिव्ह हिरवा रंग फासला.

"शेणासारखाच तर दिसतोय! मग माझ्याच शेणाची घाण वाटली होय गं?" सासू फणकारली.

"तुमचं तोंड बघण्यापेक्षा बरा, आई."

दुपारी ओल्या रंगावर पाच बोटांच्या रेघा उमटलेल्या दिसल्या. थाकाने तडक अंगणात गेली. "हात दाखवा!"

सासूने हात पुढे केले. कोरडे, स्वच्छ.

थाकानेने कुंचल्याने रेघा बुजवल्या. त्या पुन्हा उमटल्या. तिने वाकून पाहिलं. रेघा आत दबलेल्या नव्हत्या. बाहेर फुगल्या होत्या. संतापून तिने त्यांवर तळवा दाबला.

भिंतीतली बोटं तिच्या बोटांत गुंतली आणि आवळू लागली.