एक ओळ इंग्रजी

पाहुण्यांनी कागद मागितला तेव्हा सुनंदाच्या तळहातांना घाम फुटला.

पोहे झाले होते. चालून दाखवणं झालं होतं, सुईत दोरा ओवून झाला होता. आता अक्षर. मुलीचं अक्षर बघायची ही रीत कोणी काढली देव जाणे. लग्नानंतर त्या अक्षराला वाण्याच्या यादीपलीकडे काही काम नसतं. पण या स्थळाला ते खरंच हवं होतं, आणि तेही इंग्रजी, लपेटीदार.

मध्यस्थ जीवरामने तसं आधीच सांगून ठेवलं होतं. मुलगा धनसिंग नशिराबादला डॉक्टर. दवाखान्यात गर्दी मावत नाही. बोलतो कमी, पण हाताला गुण आहे.

"आमना डॉक्टरले लिखाले येळच भेटत नही," मुलाचे वडील तोतारामनाना म्हणाले. "औषधन्या चिठ्ठ्या सूनच लिखी."

हे ऐकून सुनंदाचे वडील, अभिमन आबा, भलतेच खुलले. अख्ख्या सोनगीरात डॉक्टर जावई कोणाला मिळाला नव्हता. याआधी दोन स्थळं, मुलगी नोकरी करते म्हणून परत गेली होती. हे तिसरं. हेही गेलं तर गावात तोंड दाखवायची सोय नाही, असं आबांनी सकाळपासून चारदा ऐकवलं होतं. त्यांच्यापुढे पाटावर सुपारी आणि बत्ता मांडून ठेवला होता. सुपारी फुटली की सोयरीक पक्की. मग कोणी कितीही रडलं तरी ती मोडत नाही.

सुनंदा गावच्या शाळेत पाचवीला इंग्रजी शिकवायची. कित्त्याची पुस्तकं पुरत नसत, म्हणून ओळी ती स्वतःच फळ्यावर लिहून द्यायची, आणि त्या सगळ्या माणसाच्या शरीराच्या. मोठ्या माणसाच्या अंगात दोनशे सहा हाडं असतात. नाडी बोटांनी बघावी, अंगठ्याने नाही, कारण अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात. हृदय आपल्या मुठीएवढं असतं. पोरं चार रेघांच्या वहीत एकेक ओळ वीस-वीस वेळा गिरवायची. अक्षर वळायचं आणि शरीरशास्त्र फुकटात पदरात पडायचं. हेडमास्तरांना हा प्रकार पसंत नव्हता, पण पोरं मात्र त्या तासाला एकमेकांची मनगटं धरून बसायची.

जीवरामने हेही कौतुकाने सांगितलं. बाईंच्या ओळीत डॉक्टरकीच असते, तेव्हा जोडा अगदी जमणार, असं त्याचं म्हणणं. धनसिंग नुसता हसला.

भिकुबाई, म्हणजे सुनंदाची आत्या, कागद आणायला आत गेली. तेवढ्यात आबांनी डॉक्टरपुढे हात केला. दोन दिवस छातीत धडधडतंय, जरा बघता का? धनसिंगने त्यांचं मनगट धरलं, अंगठा दाबला आणि डोळे मिटले.

"काही नाही," थोड्या वेळाने तो म्हणाला. "वात धरलाय."

आबा निवांत झाले. सुनंदा मात्र त्या हाताकडे बघतच राहिली. मुलीने असं टक लावून बघणं बरं दिसत नाही, म्हणून कागद घेऊन आलेल्या आत्याने तिला कोपराने ढोसलं.

सुनंदाने कागद मांडीवरच्या पाटीवर ठेवला. शाईचं पेन झटकलं. पहिले दोन शब्द सरसर उतरले. मग पेन थांबलं. निबेखाली शाईचा ठिपका पसरायला लागला. आत्याने तिला पुन्हा ढोसलं. पाचवीच्या पोरांना झोपेत येणाऱ्या ओळी, आणि त्या आजच हिला आठवू नयेत?

सुनंदाने एकदा आबांकडे पाहिलं आणि उरलेली ओळ एका दमात लिहून टाकली.

कागद आधी तोतारामनानांकडे गेला. त्यांनी तो हातभर लांब धरून पाहिला आणि "मोती शेतस, मोती," असा निकाल दिला. ते आणि आबा मराठी चौथीपर्यंतचे, जीवराम सही करण्यापुरता. शेवटी कागद डॉक्टरकडे आला.

धनसिंगने तो दोन्ही हातांनी धरला. त्याची नजर ओळीवरून एकदा गेली, पुन्हा गेली. सुनंदाने पदर मुठीत आवळला. हा आता काय म्हणतो त्यावर तिचा जन्म ठरणार होता.

सगळं बरोबर आहे हे ऐकल्याशिवाय आबांना धीर निघेना. "डॉक्टर, बठ्ठं बरोबर शे ना?"

"अक्षर सुरेख आहे," धनसिंग म्हणाला.

"आणि माहिती?" सुनंदा पहिल्यांदाच बोलली. तिचा आवाज कापत होता. "उद्या मुलांना हीच ओळ द्यायची म्हणते. चूक असेल तर सांगा."

मुलीने उलट विचारायचं नसतं. पण धनसिंगने ते मनावर घेतलं नाही. त्याने कागदाची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली.

"चूक कसली? अगदी बरोबर आहे. आम्ही कॉलेजात हेच शिकलो."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. तोतारामनानांनी मान डोलावली. आबांनी सुपारी पाटावर मधोमध ठेवली आणि बत्ता उचलला.

सुनंदा उठून उभी राहिली. आता तिचा आवाज कापत नव्हता. वर्गात बोलते तशी ती सावकाश, स्वच्छ बोलली.

"आबा, सुपारी राहू द्या. मी लिहिलंय, माणसाचं हृदय उजव्या गुडघ्यात असतं."