शेवटची फेक

टेक्सासच्या त्या गावात शुक्रवारी संध्याकाळी दुकानं बंद होतात आणि सगळं गाव शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर जमतं. सामन्याच्या अगदी शेवटच्या फेकीवर गावाच्या पोरांनी चेंडू पलीकडच्या टोकाला नेऊन टचडाउन केला, म्हणजे सामनाच जिंकला. "कोल्बी स्ट्राउडची फेक! आपला कोल्बी!" असा लाउडस्पीकरवरून गजर झाला, आणि मग चूक झाली म्हणून पंचाने गवतावर टाकलेला पिवळा रुमाल लोकांना दिसला.

"चेंडू फेकताना पोरगा डाव सुरू झाला ती रेषा ओलांडून गेला होता," पंच वेंडेलने प्रशिक्षकाला सांगितलं. "गुण रद्द."

"मग परत खेळवा की!"

"या चुकीला परत संधी नसते. वेळ संपली, सामना संपला."

कोणाला काही कळलं नाही. लोकांनी शिव्या घातल्या असत्या तर वेंडेलला बरं वाटलं असतं. पण सगळं गाव नुसतं उभं राहून त्याच्याकडे बघत होतं.

पंचांना गाडीपर्यंत सोडायला पोलीस येतो, ही तिथली रीतच. त्यामुळे पंचांच्या खोलीच्या दारात गणवेश दिसला तेव्हा वेंडेलचा जीव भांड्यात पडला.

"चला साहेब. बाकीच्यांना पोचवलं, तुम्हीच राहिलात," पोलीस मवाळपणे म्हणाला. त्याने वेंडेलला स्वतःच्या पोलीसगाडीत मागे बसवलं आणि दार बाहेरून लावलं. त्या दाराला आतून मूठच नव्हती.

"तेवढा तो नियम मला वाटेत नीट समजावून सांगा," म्हणत तो पुढच्या सीटवरून मागे वळला, तेव्हा त्याच्या छातीवरची नावाची पट्टी वेंडेलला पहिल्यांदा दिसली.



स्ट्राउड.